पिसांची भिंत

एक सांगा मंडळी. दारात दोघे उभे आहेत. एकाच्या मुठीत पुरावा आहे, दुसऱ्याच्या तोंडी नुसता शब्द. विश्वास कोणावर ठेवाल?

घाई करू नका. धान्याचा जुना व्यापारी मुठीतल्या दाण्यांकडे बघतही नाही. मुठीत वाईट दाणे घेऊन कोण येतं? तो पोत्याच्या बुडाशी टोकदार नळी खुपसतो आणि तिथून काय बाहेर येतं ते बघतो. पण हे शहाणपण त्याला दहा-वीस वेळा फसल्यावर आलेलं असतं. ही गोष्ट ज्या राज्याची आहे तिथे पोती नव्हती, नळीही नव्हती. तिथे पाखरं होती.

त्या राज्याची रचना साधी होती. खाली लांबच लांब माळ आणि वर उभा कडा. माळावर पाखरं राहायची, कड्यावर ससाणे. वर्षातले बरेच महिने ससाणे दूर कुठे तरी असायचे. पावसाळा सरला, कुसळीच्या गवताची टोकं पिवळी पडली, की ते कड्यावर यायचे आणि गवत पुरतं वाळेपर्यंत माळावर झडप घालायचे. ज्याला उडता यायचं ते वाचायचं. ज्याला यायचं नाही त्याचं रक्त दगडांवर काळं पडायचं आणि पुढच्या पावसात धुऊन जायचं. हे इतक्या पिढ्या चाललं होतं, की पाखरं त्याला मरण म्हणतच नसत. मोसम म्हणत.

नवा राजा मोर गादीवर आला तेव्हा त्याने मोसमानंतरचा माळ पायी फिरून बघितला. मेलेल्या आयांच्या घरट्यांत उघडी पिलं गारठली होती. जी जगली होती ती दाण्यासाठी एकमेकांचे डोळे फोडत होती. राजा मनाचा चांगला होता, हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढे ते विसरायला होईल. त्याने माळभर तीन-तीन घरं उघडली. ऊबघरात पोरक्या पिलांना पंखाखाली घ्यायचं. दाणाघरात जरा मोठं झालेल्या पिलाने दाणे निवडायला शिकायचं आणि कमावलेलं खायचं. उडणघरात उडायला शिकायचं. प्रत्येक ठिकाणी एक राखणदार नेमला आणि तिन्ही घरांसाठी कोठारातून दाणे सोडले.

पहिल्या वर्षी ही घरं खरोखर चालली. इतकी चालली, की ससाण्यांना पहिल्यांदाच उपाशी परतावं लागलं.

आता राजाला हे कळावं कसं? माळ मोठा, राजा एक. पाखरांमध्ये एक जुनी गोष्ट होती. ज्या पिलाने पहिला मोसम उडून काढला, त्याच्या पंखातलं एक लांब पीस गवत पुरतं वाळल्यावर आपोआप गळायचं. आया ते पीस घरट्यात जपून ठेवायच्या. राजाने सांगितलं, ती पिसं दरबारात पाठवा. चिखलाची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांकडून त्याने ओल्या चिखलाची एक भिंत बांधून घेतली आणि आलेलं प्रत्येक पीस देठाकडून चिखलात रोवलं. तीनशे अकरा पिसं. वारा आला की भिंत थरथरायची आणि राजाच्या डोळ्यांत पाणी यायचं.

चूक झाली ती इथून पुढे, आणि ती फक्त मोरालाच सुचावी अशी होती. मोराचा पिसारा दर वर्षी गळतो आणि दर वर्षी आधीपेक्षा घसघशीत येतो. पीस जाणं म्हणजे काय, हे त्याने स्वतःच्या अंगावरून ठरवलं. भर पावसात, त्याचा पिसारा पूर्ण फुलतो त्या दिवशी वर्षाचा मोठा दरबार भरत असे. दुसऱ्या वर्षी त्याने हुकूम काढला: पिसं त्याच दिवशी भिंतीत लागलेली हवीत, म्हणजे आलेल्या पाहुण्यांनाही दिसतील. एका पिलाची दोन पिसं येऊन मोजदाद चुकू नये म्हणून फक्त उजव्या पंखातलीच घ्यावीत. ज्या घराची पिसं कमी, त्याचे दाणे बंद.

भर पावसात म्हणजे मोसमाच्या दोन महिने आधी. त्या वेळी कोणत्याच पिलाचं पीस गळत नाही.

वसुलीचं काम दौलत कावळ्याकडे आलं. पूर्वी तो उकिरड्यावर होता, पण शंभरापर्यंत न चुकता मोजायचा, म्हणून दरबारात चढला. दुष्ट म्हणावा असा तो नव्हता. घरी त्याची स्वतःची चार पिलं होती. त्याच्या हाताखाली दोन खाटीक दिले होते, थोरला आणि धाकटा. खाटीक हे पाखरू सगळ्यांना ठाऊक आहे: चिमुकलं, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि भक्ष्य बाभळीच्या काट्याला टोचून ठेवायची सवय.

माळाच्या टोकाला ओढ्याकाठी ही तिन्ही घरं एकाच आवारात होती, सगळे त्याला ओढ्याकाठचं घर म्हणत. तिथे राघो होला उडणघर सांभाळायचा, बयजा टिटवी ऊबघर, आणि दाणाघर दोघे मिळून. होला म्हातारा, घुमत घुमत बोलणारा. टिटवी फटकळ, लांब पायांची, दगडगोट्यांत राहणारी. दोघांत मिळून सत्तावीस पिलं होती. ती सगळी उडायला शिकत होती आणि निम्मी उडतही होती.

राघो होला हात हलवत दरबारात गेला. म्हणाला, चौदा पिलं ओढा ओलांडतात, येऊन बघावं. पिसं गवत वाळल्यावर गळतील, तेव्हा आणून देतो.

राजाने विचारलं, "उडतात हे मी मानायचं कशावरून?"

"मी सांगतो त्यावरून, महाराज."

दरबारात हशा पिकला. त्याच वेळी दौलत कावळ्याने दुसऱ्या एका घराची चाळीस पिसं राजापुढे पसरली, ओली, चकचकीत. राजाने होल्याकडे बघितलं, पिसांकडे बघितलं, आणि पिसांवर विश्वास ठेवला.

होला परतला, पण बयजाला तो घराजवळच्या बाभळीवर सापडला. छातीतून काटा आरपार गेला होता आणि चोच घराकडे होती. तो अजून जिवंत होता, पण घुमत नव्हता. उजव्या पंखाच्या जागी दहा लाल भोकं होती. खाटकांनी ती दहा पिसं नेऊन भिंतीत लावली, आणि ओढ्याकाठच्या घराची दहा पिलं उडायला शिकली असं त्या दिवशी मांडलं गेलं.

बयजाने त्याला काट्यावरून काढायचा प्रयत्न केला. काढताना तो गेला. तिने पायांनी खळगा उकरला, त्यावर गोटे ओढले आणि घरात येऊन पिलांना दाणे वाटले. त्या दिवशी दाणे होते. उद्या असतील की नाही, ते पिसांवर होतं.

दुसऱ्या दिवशी दौलत कावळा स्वतः आला. कुंपणावर बसून त्याने आधी तब्येतीची चौकशी केली, होल्याचं वाईट झालं म्हणाला, आणि मग सत्तावीसमधून दहा वजा केले.

"सतरा राहिली, बयजाबाई. पिसाऱ्याच्या दिवसाला तीन दिवस आहेत."

"पिलांची पिसं अजून कोवळी आहेत, दौलतराव. देठात रक्त आहे. उपटली तर त्या जागी पुन्हा नीट यायची नाहीत."

"मी पिसं खातो का? मला वरून मागतात, मी खालून मागतो. दाणे बंद झाले तर पिलं किती दिवस काढतील, ते तुम्हीच सांगा."

बयजाने मनात मोजलं. चार दिवस. ऊबघरातली लहानगी दोनच.

तिला होल्याची दहा भोकं आठवली. भिंत काही विचारत नाही, हे तिच्या लक्षात आलं. पीस कोणत्या जातीचं, कोणाच्या अंगावरचं, हे तिथे कोणी बघत नव्हतं. ती ओढ्याच्या आडोशाला गेली, उजवा पंख पसरला आणि चोचीने आपलं सगळ्यात लांब पीस धरलं. पहिलं निघालं तेव्हा तिने गोट्यावर पाय रोवला. पाचव्यानंतर तिने चोच पाण्यात धुतली. दहाही काढली तेव्हा ओढ्याच्या पाण्यात तांबडा धागा लांबवर गेला होता आणि पंखाच्या जागी एक लुळी काडी लोंबत होती.

दहा झाली. सात कमी.

त्या सात पिसांबद्दल बयजा पुढे कधी कोणापाशी बोलली नाही, म्हणून इथेही थोडक्यातच सांगायला हवं. तिने सर्वांत अशक्त सात पिलं निवडली. यांना तसंही उडायला जमेलसं दिसत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. ती प्रत्येकाला कुशीत घ्यायची, चोच फिरवायची आणि एका झटक्यात ओढायची. कोवळ्या पिसातून रक्त थेंबाने येत नाही, धारेने येतं. सहा पिलं किंचाळली. सातवं बुलबुलाचं होतं. त्याने आपणहून पंख वर केला आणि म्हणालं, "माझं घे मावशी, मला उडताना तसंही गरगरतं."

सतरा पिसं भिंतीत गेली. दाणे आले.

आता एक बारीक गोष्ट. त्या घरात अठ्ठाविसावं पिलू होतं. चंडोलाची झिंगी. आई मेली तेव्हा ती कोणाच्या तरी पायाखालून घरंगळत ऊबघरात आली, आणि तोपर्यंत मोजदाद होऊन गेली होती. तिचे दाणे यायचे नाहीत. बाकीच्यांतले चार-चार काढून बयजा तिला भरवायची, आणि झिंगी खाऊन झाल्यावर म्हणायची की आजचे दाणे जरा जुने होते. अशी ती.

बयजाचा पंख बघून तिने विचारलं, "मावशी, आता तूही चालणारी झालीस. शर्यत लावायची?"

बयजा पहिल्यांदा हसली, आणि तिच्या पंखातून पुन्हा रक्त आलं.

सगळं इथेच थांबलं असतं तर निभावलं असतं. पण राज्यात घरं तीन प्रकारची होती, आणि दरबारात प्रत्येक प्रकारच्या घरांचा कारभारी वेगळा होता. दाणाघराचा कारभारी म्हणाला, भिंतीत लागलेलं पीस उडणघराचं झालं. या पिलांना आम्ही काम शिकवलं त्याचं पीस कुठे आहे? ऊबघराचा कारभारी म्हणाला, आणि जगवलं कोणी? दोघांचंही म्हणणं रीतसर होतं. राजाला आनंद झाला. भिंत तिप्पट होणार होती. ठरलं, की प्रत्येक पिलामागे आणखी दोन पिसं, उजव्याच पंखातली, लांब बघून.

या वेळी दौलत कावळ्याने राखणदारांवर काही सोपवलं नाही. त्याने खाटकांना पाठवलं.

बयजाला ते लांबून दिसले. तिच्याकडे अर्धी घटका होती. सत्तावीस पिलं कागदावर होती, त्यांना लपवता येत नव्हतं. जे कुठे मांडलंच नव्हतं ते लपवता येत होतं. तिने झिंगीला ओढ्याच्या गोट्यांमध्ये बसवलं, वर चार सुक्या काड्या टाकल्या आणि सांगितलं, आपण दगड आहोत असं समज. झिंगीने विचारलं, कोणता, गोल की चपटा? मग बयजाचं तोंड बघून तिने चोच पंखात खुपसली.

टिटवीची एक रीत आहे. शत्रू घरट्याजवळ आला की ती लंगडत, पंख फरफटत पुढे पळते. मोडकं पाखरू समजून तो मागे लागतो. लांब नेऊन सोडलं की ती ताडकन उडून जाते. बयजाच्या आईने तिला हे शिकवलं होतं. थोरला खाटीक ओढ्याकडे वळताच बयजा त्याच्यासमोर आडवी गेली आणि पंख फरफटत पळू लागली. खाटीक हसायला लागला. भावाला ओरडून म्हणाला, बघ रे, हिला सोंग करायचीही गरज राहिली नाही. पण तो तिच्या मागे आला. तिने त्याला दोन शेतं लांब नेलं. तिथे तिला उडायचं होतं आणि उडता आलं नाही. त्याने तिच्या पाठीवर चार टोचे मारले आणि कंटाळून परत फिरला. ओढ्याकडे पुन्हा गेला नाही.

घराकडून आवाज येत होता. धाकटा खाटीक एकेक पिलू पायाखाली दाबायचा आणि दोन हिसक्यांत दोन पिसं काढायचा. हात बसल्यासारखा काढायचा, मोजत, बोलत. एका पिलाचा पंखच निघून आला. त्याने तो बाजूला टाकला आणि त्यातली दोन पिसं निवडून घेतली. बयजा फरफटत पोचली तेव्हा जमीन चिकट झाली होती आणि पिलं एकमेकांच्या अंगाखाली शिरत होती. तीन मेली होती. त्यांची पिसं मोजदादीत पूर्ण होती.

पाऊस ओसरला. चोवीस पिलांच्या जखमा भरल्या. ती उडायला बघायची, पण लांब पिसं गेल्याने उजवीकडे वारं धरलंच जात नव्हतं, आणि पाखरू जागच्या जागी गिरकी घेऊन डोक्यावर आपटायचं. काही दिवसांनी त्यांनी तो नाद सोडला. दाणे मात्र वेळेवर येत होते, कारण भिंतीत त्या घराचं सगळं चोख होतं.

झिंगी मात्र शिकत होती. पहाटे ती वर जायची आणि बयजा खालून पळत पळत ओरडायची: मान खाली, पाय आत, वाऱ्याला पाठ देऊ नकोस.

"तुला येत नाही आणि मला शिकवतेस," झिंगी एकदा म्हणाली.

"येत होतं. तेवढं पुरतं."

चंडोल सरळ वर चढतो आणि चढताना गातो. झिंगी इतकी वर जायची की ठिपका व्हायची, आणि गाणं तेवढं खाली यायचं. बयजा तिला गप्प राहायला सांगायची. कोणाच्या कानावर गेलं तर हिचं पीस मागतील. झिंगीला गप्प राहून चढता येत नव्हतं.

गवताची टोकं पिवळी पडायला आली तेव्हा राजाचा सांगावा माळभर फिरला. सगळ्या घरांतल्या पिलांनी भिंतीसमोरच्या मोकळ्या जागेत जमावं. राजाला त्यांचं उड्डाण डोळ्यांनी बघायचं होतं. मनाचा चांगला होता, म्हटलं ना. दौलत कावळ्याने त्या दिवशी राजाला अडवायचा प्रयत्न केला. वारं बरोबर नाही म्हणाला, दिवस बरा नाही म्हणाला. जे सांगायला हवं होतं तेवढं त्याच्या तोंडून निघालं नाही.

मोकळी जागा भरून गेली. सहाशेवर पिलं होती. बयजा आपली चोवीस घेऊन कडेला उभी होती, आणि झिंगी, एकटी मागे राहीना म्हणून आणलेली, तिच्या लांब पायांच्या मागे. समोर भिंत होती, दोन हजारांवर पिसांची, राज्यातली सर्वांत देखणी गोष्ट. राजाने मान उंचावली आणि म्हणाला, "उडा, बाळांनो."

सहाशे पिलं उडाली. हातभर वर गेली, सगळी एकाच बाजूला कलली, एकाच दिशेने गिरकी घेतली आणि एकदम जमिनीवर आपटली. तो आवाज ज्यांनी ऐकला ते सांगतात, की भिजलेली पोती गाडीतून ढकलून द्यावीत तसा होता. काहींच्या माना तिथेच मोडल्या. मग राजाला कड्यावरून येणारी शीळ ऐकू आली.

ससाणे नऊ होते. त्यांना कधीच इतकं सोपं गेलं नव्हतं. ससाणा एरवी एक पाखरू धरतो आणि नेऊन खातो. त्या दिवशी ते नेतच नव्हते. नखांनी पोट फाडायचे, टाकायचे, दुसरं धरायचे. पिलं धावत होती. पाखरू धावतं तेव्हा किती केविलवाणं दिसतं हे एरवी कोणाला बघायला मिळत नाही. दोन्ही खाटीक उडून गेले असते, पण थोरल्याला झाडापाशीच गाठलं आणि त्याचं डोकं वेगळं पडलं. धाकट्याला ससाण्याने झटकलं तो बाभळीवर जाऊन आदळला आणि काट्यांत तसाच राहिला. राजा मध्ये पडला. त्याने खरोखर पंख पसरून दहा-बारा पिलं पोटाखाली घेतली. एका नखाने त्याचा डावा डोळा काढून नेला.

उरलेली पिलं भिंतीच्या आडोशाला पळाली. शेकड्यांनी तिला जाऊन भिडली. दोन हजारांवर पिसं रोवून रोवून त्या चिखलाची चाळण झाली होती. भिंत आधी डुलली, मग पुढे झुकली, आणि जी पिलं तिच्या आडोशाला आली होती त्यांच्यावरच कोसळली.

बयजाच्या समोर एक ससाणा उतरला. मागे तिची नऊ पिलं उरली होती. तिने तेच केलं जे तिला येत होतं. पंख फरफटत ती आडवी पळाली. ससाणा वळला. तिने त्याला पिलांपासून लांब नेलं आणि मग थांबली, कारण पुढचं तिच्याकडे नव्हतं. त्याने तिला पाठीवर पाडलं आणि छातीवर पाय दिला.

तेव्हा वरून गाणं आलं.

झिंगी चढत होती. सरळ वर, पूर्ण आवाजात, गप्प राहायचं म्हणून सांगितलं होतं ते सगळं विसरून. ससाण्याची मान वर गेली. त्याचा स्वभावच असा, की पायाखालच्या मोडक्या पाखरापेक्षा त्याला वर उडणारं हवं असतं. त्याने बयजाच्या उरल्यासुरल्या उजव्या पंखावर एक शेवटचा हिसका मारला, पंख खांद्यातून निघाला, आणि तो वर गेला. दुसरा गेला. मग सगळेच. ससाणा चढायचा, झिंगी त्याच्या वर चढायची, आणि गाणं तुटत नव्हतं. ठिपका झाला. मग ठिपकाही दिसेना. खाली जी पिलं चालू शकत होती ती काटेरी झुडपांत शिरली.

सकाळी राजा आला. डाव्या डोळ्याच्या जागी रक्त सुकलं होतं. बयजा पाला चावून खांद्यावर थापत बसली होती. दौलत कावळा ढिगाऱ्यावर होता, मोजत. आदल्या दिवशी त्याची चारही पिलं उड्डाण बघायला त्या मोकळ्या जागेत आली होती आणि घरी परतली नव्हती. त्याला मोजण्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

"महाराज," तो म्हणाला, "भिंत पडली, पण पिसं तेवढीच आहेत. दोन हजार एकशे अठ्ठावन्न. एकही कमी नाही."

राजाने चिखलातून एक पीस उचललं. भिंतीत असताना त्याला पिसांची टोकं दिसायची. देठ आजवर त्याने नीट बघितलाच नव्हता. तो काळा होता, सुकलेल्या रक्ताने फुगलेला. दुसरं उचललं, त्याचाही काळा. तिसऱ्याचा पांढरा निघाला, कोरडा, गवताच्या काडीसारखा स्वच्छ.

"हे वेगळं का?" त्याने विचारलं.

"ते गळलं आहे," बयजा म्हणाली. "बाकीची उपटली आहेत."

राजा खाली बसला. पिसं निवडायला त्याने तिला सांगितलं आणि स्वतःही निवडू लागला. पांढऱ्या देठाची एकीकडे, काळ्या देठाची दुसरीकडे. दुपारपर्यंत एक ढीग गुडघ्याएवढा झाला आणि दुसरा राजाच्या मानेपर्यंत गेला. राघो होल्याची दहा पिसं बयजाने रंगावरून ओळखली. स्वतःचीही ओळखली. मग एकामागून एक तिच्या चोचीत ती सात आली, आणि बुलबुलाच्या पिसापाशी ती थांबली.

राजाला कळलं. तो हळूच म्हणाला, "ती राहू देत बाजूला. तू नाइलाजाने काढलीस."

बयजाने सातही उलटी करून बघितली आणि काळ्या ढिगावर ठेवली, सगळ्यांत वर, दिसतील अशी.

झिंगी तिसऱ्या दिवशी आली. शेपटी अर्धी गेली होती आणि बोलणं तसंच होतं. माळभर उरलेली पिलं तिने एकदा बघून घेतली, बयजाचा खांदा बघितला, आणि शर्यतीचं काही बोलली नाही. बयजाने आपले चार दाणे तिच्यापुढे सरकवले. त्या वर्षी तिन्ही घरं पुन्हा उघडली. भिंत बांधली नाही. राजा सकाळी पायी निघायचा, एकेका घरापाशी बसायचा आणि पिलं उडेपर्यंत उठायचा नाही.

गवत पुरतं वाळलं तेव्हा एके दिवशी झिंगी बोलता बोलता उडाली आणि तिच्या पंखातून एक पीस सुटलं. कोणी ओढलं नव्हतं. ते हेलकावे खात खाली आलं आणि दोन ढिगांच्या मध्ये पडलं. बयजाने ते उचललं नाही, राजानेही नाही. अजून ते तिथेच आहे. कधी त्या माळावरून जाणं झालं तर उचला, मंडळी. मात्र ठेवायच्या आधी उलटं करून देठाकडून बघा, आणि जे दिसेल त्याच ढिगात ठेवा. तेवढी मोजदाद खरी ठेवा, इतकंच मागणं आहे.